भाव एकत्र, बिलं वेगळी

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला घरची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. महिन्याला वीसेक टन कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, निघतं. आसपास त्याच मापाची आणखी चार युनिटं, माल जवळपास तसलाच. भंगार, वाळू, गाडीभाडं, टेस्टिंग सगळंच महागलंय. त्या चौघांना बरोबर घेऊन खर्च कमी करता येईल का, असं मुलगा विचारतोय. वडील म्हणतात, "ज्याच्याशी रेटवरनं भांडायचं, त्याच्याच ताटात जेवायला बसायचं का?"

वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः एकोणतीस वर्षं भट्टी चालवली, आधी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात, मग शिरोलीला. या प्रकारात एकदा हात चांगलाच भाजलाय. तो किस्सा आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलोय.

2008 चा उन्हाळा. पिग आयर्न (भट्टीत घालायचं कच्चं लोखंड) आणि भंगाराचे भाव रोज चढत होते. आज घेतलं नाही तर उद्या परवडणार नाही अशी सगळ्यांची अवस्था. आम्ही चौघे एका हॉटेलात मिसळ खात बसलो होतो, तिथंच ठरलं की एकदम माल उचलायचा. माझं बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं त्यातल्या त्यात मोठं, म्हणून माल माझ्या नावावर. ऐंशी टन पिग आयर्न आलं, किलोला दोन रुपये कमी पडले. आम्ही खूश. कागद काही केला नाही, रोज सकाळी तोंड बघणारी माणसं, कागद कसला?

दिवाळी येईपर्यंत जगाचा बाजार कोसळला. ऑटोच्या ऑर्डरी थांबल्या, भंगार आणि पिगचे भाव धाडकन खाली आले. चौघांतल्या दोघांनी आपल्या वाट्याचा एक तृतीयांश मालसुद्धा उचलला नाही. एकानं तोंडावर सांगितलं, "बाजारात तुझ्यापेक्षा स्वस्त मिळतंय, तुझा कशाला उचलू?" सात महिने मी त्या मालाचं व्याज भरलं. आवारात गंजत पडलेला तो ढीग बघितला की जेवण जात नव्हतं.

त्या दोघांना मी बरीच वर्षं लबाड म्हणत होतो. आता म्हणत नाही. फायदा चौघांत आणि धोका एकट्याच्या खात्यावर, ही रचना मीच केली होती. तशा रचनेत चांगला माणूसही वाकडा होतो. तुमचे वडील विचारतात की त्या चौघांवर विश्वास ठेवायचा का. मी विचारीन, व्यवहार असा लावता येईल का, की विश्वास कमी असला तरी चालेल?

तसं बघितलं तर हे आपल्याकडे नवीन नाही. तुमच्या भिशीत कोण कोण आहे आठवा. त्यातले निम्मे एकमेकांचे स्पर्धक असतील आणि तरी भिशी चालते. तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली, एखादा चुकला तर सगळ्यांना त्याच दिवशी कळतं. शेतावरचा पैराही तसाच. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. पैरा फेडला नाही तर पुढच्या हंगामात त्याच्या बांधावर कोणी फिरकत नाही. त्यासाठी कोणाला कोणाचा स्वभाव सुधारावा लागत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: भाव एकत्र ठरवा, बिलं आणि पैसे वेगळे ठेवा. पाच जणांनी मिळून व्यापाऱ्याला सांगायचं की महिन्याला आमचा एवढा माल, भाव काय देतोस. भाव ठरला की प्रत्येकाच्या नावानं वेगळं बिल, प्रत्येकानं आपापलं पेमेंट करायचं. गाडी एक, बिलं पाच. अशानं कोणाची उधारी कोणाच्या गळ्यात पडत नाही. जीएसटीचं क्रेडिटही ज्याचं त्याला सरळ मिळतं. एकाच्या नावावर घेऊन बाकीच्यांना विकायला गेलात तर त्याची उलाढाल कारण नसताना फुगते, दोनदा बिलं होतात. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून नोंदणीकृत खरेदीदार-विक्रेत्यांमधल्या, अडीच लाखांवरच्या धातूच्या भंगाराच्या व्यवहारांवर जीएसटीत 2 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायचं आलंय, ते दोन ठिकाणी सांभाळत बसावं लागतं. तुमच्या सीएला हे विचारा, तोही हेच सांगेल असं मला वाटतं.

सुरुवात भंगारापासून करा. त्याचा हिशेब सगळ्यात सोपा आहे आणि फायदा पहिल्याच महिन्यात दिसतो. वीस टन कास्टिंगला तुम्ही महिन्याला बाराएक टन सीआरसी भंगार (पातळ पत्र्याचे तुकडे) घेत असाल, तेही जागा आणि पैसा बघून तीन-तीन, चार-चार टन. पाच जणांचं मिळून साठ टन, म्हणजे दर दहा दिवसांनी वीस टनांची एक पूर्ण गाडी. पूर्ण गाडीला भावात आणि भाड्यात मिळून किलोला दीड रुपया सुटला असं धरा. साठ हजार किलोवर नव्वद हजार, प्रत्येकाच्या वाट्याला अठरा हजार. एका हेल्परचा पगार निघेल एवढं. फार मोठं घबाड नाही, पण दर महिन्याचं आहे.

आता भांडण कुठं होतं ते सांगतो. भावावर होत नाही, गाडीच्या तळाशी होतं. वरचा माल स्वच्छ, कोरडा. तळाला गंजाची भुकटी, माती, कधी पाणी. शेवटी भरून घेणाऱ्याला ते मिळतं आणि त्याचा लोखंडाचा उतारा कमी पडतो. पुढं आम्ही पाच जणांनी अशी गाडी वाटून घ्यायला लागलो तेव्हा यावर तीन महिने चिडचिड केली. शेवटी एकाच्या आईनं तोडगा दिला. घरच्या वाटणीत कसं, थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. ज्याच्या आवारात गाडी उतरते तो पाच ढीग करणार आणि स्वतः सगळ्यात शेवटी घेणार. आवार दर खेपेला बदलणार. त्या दिवसापासून ढीग इतके सारखे पडायला लागले की काट्यावर दहा-वीस किलोचा फरक. वजन मात्र बाहेरच्या काट्यावरच करायचं, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही, आणि पावतीचा फोटो पाचही जणांच्या ग्रुपवर.

आणखी एक. व्यापारी काही मूर्ख नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो तुमच्यापैकी एकाला बाजूला घेऊन म्हणेल, "तुम्हाला म्हणून पन्नास पैसे कमी, बाकीच्यांना सांगू नका." हे होणारच, धरून चला. पहिल्या बैठकीतच ठरवा की असा फोन आला की त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा आणि तो भाव पाचांसाठी मागायचा. आम्ही एकदा असं केलं तर व्यापारी लाजला आणि पाचांनाही तोच भाव देऊन बसला.

खरं तर भंगारापेक्षा मोठा पैसा रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास होणाऱ्या मालात, जातो, पण ते कोणी चहा पिताना बोलत नाही. तुमचं रिजेक्शन पाच टक्क्यांवरून चारवर आलं तर वीस टनात दोनशे किलो माल वाचला. परत वितळवून जे हाती लागतं ते वजा करून किलोला साठ रुपये तोटा धरला तरी बारा हजार झाले. म्हणजे भंगाराच्या एवढ्या खटाटोपातून मिळालं त्याच्या दोन तृतीयांश, एका टक्क्यात.

इथं सामाईक टेस्टिंग कामाला येतं, पण त्यातही एक गोम आहे. धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, एकट्या छोट्या युनिटला परवडत नाही. मशिनची किंमत सोडा, त्याला आर्गॉन गॅस लागतो, एसी खोली लागते, वापर असो-नसो कॅलिब्रेशन लागतं. पाचांत घेतला तर परवडेल असं वाटतं. पण भट्टीत लोखंड तयार असताना नमुना मोटारसायकलवरून दुसऱ्याच्या शेडमध्ये न्यायचा, रांगेत थांबायचं, रिपोर्ट घेऊन यायचं, तोवर भट्टी नुसती वीज खात बसते. एक टन लोखंड वितळवायलाच सहाशे युनिटच्या आसपास लागतात, वर हे थांबणं. म्हणून भट्टीशेजारचा सीई मीटर प्रत्येकाचा स्वतःचा असू दे, तो स्वस्त आहे आणि दोन-तीन मिनिटांत कार्बन इक्विव्हॅलंट (मुख्यतः कार्बन आणि सिलिकॉन मिळून काढलेला आकडा) सांगतो. स्पेक्ट्रोचं काम हीट (भट्टीचा एक घाणा) संपल्यावरच्या तपासणीला, पार्टीला म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला द्यायच्या रिपोर्टला आणि आलेलं भंगार ओळखायला. त्यासाठी पाच जणांनी मिळून एखाद्या लॅबशी महिन्याचा ठोक दर ठरवला की पुरे, मशीन विकत घ्यायची घाई नको. आणि नमुन्याचं नाणं तांब्याच्या साच्यात झटकन गार करून पांढरं पडलेलं द्या. ग्रे आयर्नचा नमुना सावकाश गार झाला की त्यात ग्रॅफाइट सुटतं आणि कार्बनचं रीडिंग चुकतं. नमुना बिघडवून मशीनला शिव्या देणारे मी कितीतरी बघितलेत.

वाळूचं गणित वेगळं, ते पावसाशी बांधलेलं आहे. आपली सिलिका वाळू बरीचशी सिंधुदुर्गातून, कासार्डे भागातून घाट चढून येते. मृग लागला की घाटात दरडी, वाळू ओली, गाड्या कमी, भाव वर. ओली वाळू घेतली की पाण्याचे पैसे देतोच, वर वाळवायचा खर्च. एकट्याला मे महिन्यात तीन महिन्यांची वाळू भरून ठेवायला ना जागा असते ना पैसा. पाच जणांत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन मेच्या मध्यापर्यंत साठा करा. यात मात्र बिलं वेगळी ठेवली तरी ढीग एक होतो, म्हणून कोणी किती नेली याची वही शेडच्या दाराशी टांगलेली हवी आणि नेणाऱ्याची सही तिथंच. आमच्यात ही वही वॉचमनकडे होती. तो पाचांपैकी कोणाचाच माणूस नव्हता, हे महत्त्वाचं.

वापरून काळी पडलेली वाळू टाकायची कुठं हा सगळ्यांचाच त्रास. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्लांट एकट्याच्या आवाक्यातला नाहीच. आपल्या भागात क्लस्टरच्या, म्हणजे अनेक उद्योगांच्या सामाईक प्रकल्पाच्या, माध्यमातून असे प्रयत्न झालेत, जवळ सोय असेल तर पाचांची वाळू मिळून पाठवायचा दर काढा.

गाडीभाड्याबद्दल थोडंच सांगतो. पुण्या-चाकणला तुमचा चार टन, शेजाऱ्याचा पाच टन, एकाच गाडीत जायला हरकत नाही. पण गाडी पाचांपैकी कोणाची नको, बाहेरच्या ट्रान्सपोर्टची हवी. बिलं बंद पाकिटात द्या, नाहीतर शेजाऱ्याच्या माणसाला तुमची पार्टी, पार्टचं नाव आणि रेट तिन्ही वाचायला मिळतात. कोणाच्या मालासाठी गाडी आधी थांबणार हे पार्टीच्या गेटच्या वेळेवरून ठरवा, भाडं वजनावर वाटा. आणि एकाचा माल तयार नसेल तर गाडी किती वेळ थांबणार तेही ठरवा. आम्ही एक तास ठरवला होता. दोनदा गाडी खरंच सोडून गेली, तिसऱ्यांदा सगळ्यांचा माल वेळेवर पॅक होता.

आता नाजूक भाग, एकमेकांचा माल ओतून देणं. भट्टीची कॉइल गेली, ट्रान्सफॉर्मर जळला की हे लागतंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद पडला. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीतल्या एकाच्या शेडमध्ये सगळ्या मोटारी चिखलात होत्या. त्याचे पॅटर्न (ज्यावरून साचा भरतात ते नमुने) उचलून आम्ही तिघांनी आपापल्या भट्टीवर माल काढून दिला, ओतणावळीचा दर आधीच ठरलेला होता म्हणून. पूर आल्यावर दर ठरवायला बसलो असतो तर तो अडलेला आणि आम्ही अडवणारे, अशी बैठक झाली असती.

पण पॅटर्न बऱ्याचदा पार्टीचा असतो, तुमचा नव्हे. ऑटोच्या पार्टीला न सांगता भट्टी बदलली आणि पुढं कास्टिंगला काही झालं तर तुम्ही कुठंच उभे राहू शकत नाही. आधी मेलवर परवानगी घ्या. माल जॉबवर्कनं (मजुरीवर करून घ्यायला) पाठवताना डिलिव्हरी चलन करा. आणि एक ओळ लिहून घ्या: माझ्यामार्फत आलेल्या पार्टसाठी त्या पार्टीला वर्षभर थेट कोटेशन द्यायचं नाही. त्या पार्टपुरतंच. "त्या पार्टीकडे कधी जाणारच नाही" असलं काही लिहू नका, ते पाळलं जात नाही आणि न पाळता येणारा नियम बाकीच्या नियमांनाही सैल करतो. माझा एक पार्ट असाच गेलाय. ज्याच्याकडे ओतायला दिला, त्यानंच सहा महिन्यांत दोन रुपयांनी कमी कोटेशन टाकलं. तेव्हा लिहिलेलं काहीच नव्हतं. आता लिहिलं तर तो थांबेलच असं नाही, पण पाचांच्या बैठकीत समोर कागद ठेवला की मान खाली जाते, आणि आपल्या गावात ते पुष्कळ असतं.

एकत्र बसायला लागलात की तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणेल, "मग रेटच का नाही एकत्र ठरवायचा? या पार्ट्यांनी आपल्याला पिळलंय. शंभरच्या खाली कोणी द्यायचं नाही." राग खरा आहे, पण इथं थांबा. विक्रीचा भाव स्पर्धकांनी मिळून ठरवणं, गिऱ्हाईकं वाटून घेणं, कोटेशन आपसात ठरवून टाकणं हे 2002 च्या स्पर्धा कायद्यात थेट येतं. दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. छोटे आहोत म्हणून सूट नाही. आणि हा विषय व्हॉट्सअॅप ग्रुपवर निघाला तर पुरावा तुम्हीच तयार करून ठेवलात. माल मिळून घेणं, भाडं वाटणं, टेस्टिंग मिळून करणं, यातून खर्च कमी होतो आणि स्पर्धा तशीच राहते. मी बैठकीत सरळ सांगायचो, पार्टी आणि रेट हे दोन शब्द या टेबलावर नकोत, चहा झाल्यावर बाहेर जाऊनही नकोत.

तसंच कामगारांचं. "एकमेकांचा मोल्डर पळवायचा नाही" (मोल्डर म्हणजे साचे भरणारा कारागीर) असा ठराव कोणीतरी आणेलच. मी त्यावर सही केली नव्हती, तुम्हीही करू नका. दिवसाला पन्नास रुपये जास्त मिळत असतील तर त्या गड्याला जाण्याचा हक्क आहे. आपल्या सोयीसाठी त्याची मजुरी बांधायची म्हणजे पार्टी आपल्याला जे करते तेच आपण त्याला करायचं. मोल्डर टिकवायचा तर शेडमध्ये पंखे लावा, आठवड्याची मजुरी वेळेवर द्या.

संस्था, कंपनी, नोंदणी असलं काही पहिल्या वर्षी करू नका. पाच जणांचा एक साधा करार, दोन पानांचा, बस. त्यात कोण किती माल घेणार, न उचलल्यास काय, बाहेर पडायचं तर किती दिवसांची सूचना आणि वाद झाला तर कोणाकडे जायचं, एवढं असू दे. न उचलणाऱ्यासाठी आम्ही प्रत्येकाकडून पंचवीस हजार अनामत वेगळ्या खात्यात ठेवली होती. एकदाच वापरावी लागली. वादासाठी पाचांतला कोणी नको. स्मॅक किंवा गोशिमा या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदार संघटनांमधला एखादा जुना जाणता माणूस, ज्याचा यात धंदा नाही.

वर्षभर नीट चाललं आणि मोठी सामाईक मशिनरी घ्यायची वेळ आली, तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या क्लस्टर योजनेकडे वळा. केंद्राची आहे, राज्याचीही आहे. अनुदान मोठं असतं, पण प्रकल्प अहवाल, जागा, सदस्यांचा हिस्सा, मंजुऱ्या यात वर्षं जातात. अनुदानासाठी एकत्र आलेले लोक अनुदान यायच्या आधीच पांगलेले मी बघितलेत. आधीपासून भंगाराची गाडी वाटून घेणारे पांगत नाहीत, त्यांना रोजचं कारण असतं.

पाचांपेक्षा जास्त जण घेऊ नका, सातला तर आवाज वाढतो. आणि एखादं युनिट बाकीच्यांच्या तिप्पट असेल तर त्याला सध्या बाहेर ठेवा. तो स्वतःच गाडीभर माल घेतो, त्याला तुमची गरज नाही आणि एकदा आत आला की बैठक त्याच्या सोयीनं होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चौघांना बोलवा. प्रत्येकानं मागच्या तीन महिन्यांची भंगाराची खरेदी बिलं आणायची, फक्त खरेदीची. बिलं टेबलावर पसरली की एकाच आठवड्यात एकाच व्यापाऱ्यानं पाच जणांना पाच भाव लावल्याचं दिसेल. आमच्या वेळी मी सगळ्यात महाग घेत होतो, आणि गमजा सगळ्यात जास्त माझ्याच होत्या. त्या बैठकीला वडिलांना न्या. त्यांना काही पटवायला जाऊ नका, नुसती बिलं वाचू द्या.